आंबोलीची पावसाळी रात्रफेरी: जाहिरातीत नसलेल्या सापासाठी चार तारे

पाचपैकी चार तारे देतेय, आणि त्यातले तीन एकट्या वाटाड्याचे आहेत. जाहिरातीत बघाल तर हिरवा चापडा साप, मलबारी उडता बेडूक, आंबोली टोड, धुक्यातली झाडं. आमच्या गटातले बहुतेक जण चापड्यासाठीच आले होते आणि तो त्यांना भेटलाही, कारवीच्या एका फांदीवर निवांत बसलेला. त्याच्यावर इथे आधीच भरपूर लोकांनी लिहून ठेवलंय. मी लिहिणार आहे खापरखवल्या या मातीत राहणाऱ्या सापाबद्दल. त्याचा फोटो जाहिरातीत नाही, त्याच्यासाठी कुणी पैसे भरत नाही, पण फेरी नेणारा माणूस किती पाण्यात आहे हे मला त्याच्यामुळेच कळलं.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं वाचताना कंटाळा आला तर का आला ते कळेल. माझी सगळी नोकरी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत गेली. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, सामू काढायचा, सेंद्रिय कर्ब काढायचा. त्यामुळे जंगलात गेले तरी माझी नजर आधी पायाखाली जाते. सूनबाई दोनदा म्हणाली, "आई, इथे तरी वर बघा." वर बघून काय करणार, वरून पाऊसच येत होता. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो म्हणतात, त्यातला बराचसा त्या संध्याकाळीच आमच्या छत्रीवर पडला असावा.

व्यवस्थेचं पटकन सांगते. नोंदणी फोनवर झाली, माणशी 800 रुपये, त्यात फेरीनंतरचा चहा आणि गरम कांदाभजी. निघण्याआधी पडवीत बसवून नियम सांगितले. टॉर्च त्यांच्याकडे मिळतात, पण दोन मिणमिणते निघाले, तेव्हा स्वतःचा न्यावा हे बरं. गमबूट आहेत, बायकांच्या मापाचे कमी आहेत. जळवा आहेत, भरपूर आहेत, त्याला कुणाचा इलाज नाही. मी सवयीने मिठाची पुडी नेली होती. वाटाड्यांनी ती काढून घेतली आणि म्हणाले, "काकू, मीठ जळवेवर पडतं तेवढंच खाली मातीतही पडतं, तिथे बेडकं आहेत, गांडुळं आहेत. जाड मोजे घाला, आणि चढली तर नखाने सोडवा." मिठाने माती काय होते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण एका वाटाड्याच्या तोंडून ते ऐकून बरं वाटलं. तिथेच पहिला तारा दिला.

दुसरा तारा खणण्याबद्दल. पूर्वी एका दुसऱ्या ठिकाणी अशाच फेरीला गेले होते. नाव घेत नाही. तिथला वाटाड्या हातात लोखंडी आकडा घेऊन दर दहा पावलांवर दगड उलटे करत होता, कुजलेली ओंडकी फोडत होता, पालापाचोळा पायाने उडवत होता. सापडलं ते हातात घेऊन फिरवायचं, फोटो, टाळ्या. दगड पुन्हा जागेवर ठेवायचा नाही. लोक खूश होते, कारण पैसे वसूल झाले. मी मात्र त्या उघड्या पडलेल्या चौकोनांकडे बघत होते. सह्याद्रीच्या या माथ्यावर जांभा आहे. त्याच्यावर माती कुठे वीतभर, कुठे तीही नाही. सखल खोबणीत, झाडांच्या बुंध्याशी, रस्त्याच्या कडेच्या ढासळलेल्या भागात जी काय साचते तेवढीच. ती आम्लधर्मी, भुसभुशीत, वर पानांचा थर. त्या थराखाली ओल टिकते म्हणून गांडुळं आहेत, आणि गांडुळं आहेत म्हणून खापरखवल्या आहे. दगड उलटा केला की एका दुपारच्या उन्हात तेवढा तुकडा सुकतो.

आंबोलीच्या या माणसाने पडवीतच सांगून टाकलं: आपण दगड उलटणार नाही, बिळात काठी घालणार नाही, कुठलाही प्राणी हातात घेणार नाही. दिसलं तर दिसलं. एका काकांनी विचारलं, "मग पैसे कशाचे?" त्यावर ते नुसते हसले. हे हसणं काही जणांना आवडलं नाही, इथल्या एक-दोन तारेवाल्या अभिप्रायांत ते दिसतंच आहे. हातात घेऊ नये हा नुसता शिष्टाचार नाही हेही त्यांनी स्पष्ट केलं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप पकडणं, बाळगणं, खेळवणं गुन्हा आहे, मग तो बिनविषारी का असेना.

आता मूळ प्रसंग. जोराची सर येऊन गेली होती आणि आम्ही डांबरी रस्त्याच्या कडेने परतत होतो. वाटाड्यांनी एकदम हात आडवा केला. रस्त्याच्या मधोमध काहीतरी वळवळत होतं. भाचा म्हणाला गांडूळ. कुणीतरी म्हणालं सापाचं पिल्लू. ते पूर्ण वाढलेलं जनावर होतं, वीतभरापेक्षा थोडं जास्त लांब, करंगळीएवढं जाड. रंग काळपट तपकिरी, मानेच्या बाजूला पिवळा पट्टा, अंगाच्या कडेने पिवळे ठिपके. टॉर्चचा उजेड तिरपा पडला की खवल्यांवर निळा-जांभळा रंग सरकत जायचा. चापडा बघताना ओरडणारे लोक इथे गप्प झाले, ते काय बघायचं हे न कळल्यामुळे. मी गुडघ्यावर बसले.

डांबरावर हा साप अगदी निरुपयोगी. धड सरपटता येत नाही. थोडं पुढे जाणार, थांबणार, टोकदार नाक खाली टेकवून डांबर उकरायला बघणार, पुन्हा थोडं पुढे. जमिनीच्या वर काय करायचं असतं हे त्याला शिकवलेलंच नाही असं वाटत होतं. भाच्याने मोठ्या कौतुकाने जवळून फोटो काढले, नंतर कळलं की सगळे शेपटीचे. त्याची चूक नाही. डोकं बारीक, निमुळतं, मानेपासून वेगळं असं काही नाहीच. आणि शेपटीचं टोक म्हणजे कोयत्याने तिरपा छाटलेला ऊस. त्या तिरप्या कापावर खरखरीत, खडबडीत ढाल, आणि ढालीवर चिखल थापलेला. बाकी सगळं अंग धुऊन पुसल्यागत स्वच्छ, शेपटीवर तेवढा चिखल. अंगावरच्या खवल्यांचा पोत इतका बारीक आणि गुळगुळीत असतो की ओली माती त्याला धरतच नाही. शेपटीची ढाल उलट मातीला धरून ठेवते. एकाच जनावराच्या दोन टोकांना मातीशी वागायच्या दोन उलट तऱ्हा.

वाटाड्यांनी आम्हाला फार वेळ दिला नाही. एक जण वळणावर टॉर्च घेऊन गाड्या थांबवायला उभा केला, आणि फ्लॅश बंद करायला लावला. काकांनी विचारलं, "जात कुठली?" इथे तिसरा तारा. ते म्हणाले, "खापरखवल्या आहे एवढं सांगतो. फिप्सनचा की आणखी कुठला, ते पोटाचे खवले मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. मोजायला हातात घ्यावा लागेल आणि मी तो घेणार नाही." प्रत्येक पानाला, प्रत्येक किड्याला लॅटिन नाव चिकटवणारे वाटाडे मी पाहिलेत. ठामपणे "सांगणार नाही" म्हणणारा क्वचितच भेटतो. प्रयोगशाळेत आम्ही नमुना खराब असला की अहवालात तसं लिहायचो, आकडा बनवून टाकायचो नाही. त्यातलीच गोष्ट आहे ही.

फिप्सन म्हणजे हर्बर्ट फिप्सन, मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली ज्यांनी उभी केली त्यांच्यातले एक. पेशाने वाइनचे व्यापारी. त्यांच्या नावाने या सापाचं वर्णन 1888 साली झालं. याच कुळातल्या एका काळ्या सापाला 2016 साली पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचं नाव मिळालं. कात्रजचं सर्पोद्यान आठवत असेल तर हे नावही आठवेल. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून लोक या सापांची नोंद करताहेत आणि अजून नवे सापडताहेत. वाटाड्यांनी हे सांगितलं नाही, हे मी घरी येऊन वाचलं. एक तारा कापलाय त्याची सुरुवात इथून होते. या माणसाकडे डोळे आहेत, शिस्त आहे, पण सांगायची हौस कमी.

कारण पुढे जे झालं ते फेरीतलं सगळ्यात देखणं दृश्य होतं आणि त्यावर त्यांनी एक वाक्य बोलून विषय संपवला. साप रस्त्याच्या कडेला पोचला. तिथे गटाराची सिमेंटची कड होती, ती त्याला चढता येईना. वाटाड्यांनी एक रुंद पान त्याच्यापुढे धरलं, तो त्यावर आला, आणि पान पलीकडच्या मातीवर टेकवलं. कुणी बोटही लावलं नाही. मातीत नाक लागलं मात्र, जनावरच बदललं. मघाचा गोंधळ संपला. नाक आत गेलं, मग मानेमागचा भाग जाड झाला, पुन्हा बारीक झाला, आणि तेवढंच अंग आत सरकलं. पुन्हा जाड, पुन्हा बारीक. कुठेही वळण नाही, नागमोड नाही. सरळ काठी जमिनीत कुणी आतून ओढून घेतंय म्हणाल तर तेही नाही, कारण ते थांबत थांबत, दमदार चाललं होतं. शेवटी ती चिखल थापलेली ढाल बिळाच्या तोंडाशी आली आणि जमिनीबरोबर सपाट बसली. टॉर्च मारूनसुद्धा भोक कुठे होतं ते दाखवता येईना.

वाटाडे म्हणाले, "गेलो. आता काय वर येऊचो नाय." झालं.

अहो, ते जाड-बारीक होणं म्हणजेच तर सगळी गंमत आहे! आपल्या ओळखीचा साप पुढे जातो तो सगळं अंग वळवून, कडेच्या दगडाला, गवताला रेटा देऊन. अरुंद बिळात वळायला जागा कुठली? खापरखवल्या कातडी आहे तशी सरळ ठेवतो आणि आतल्या आत पाठीचा कणा वाकडातिकडा करतो. कणा दुमडला की अंगाचा तो भाग फुगतो आणि बिळाच्या भिंतींना गच्च बसतो. तिथे पाय रोवल्यासारखा टेकू मिळाला की डोकं पुढच्या मातीत घुसवायचं, मग कणा सरळ करून मागचं अंग ओढून घ्यायचं. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गॅन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली दाखवून दिलं की यासाठी लागणारे स्नायू अंगाच्या पुढच्या भागातच एकवटलेले असतात. ते गडद लाल असतात, त्यांच्यात ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन खच्चून भरलेलं असतं, म्हणून न थकता खणता येतं. मागच्या भागाचे स्नायू फिकट, त्यांना नुसतं मागोमाग जायचं असतं. गॅन्स यांनी याला मालगाडीची पद्धत म्हटलंय, इंजिन पुढे आणि डबे मागे. कवटीही त्याच कामासाठी बनलेली, लहान, घट्ट जुळलेली, टोकाकडे निमुळती. हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं. चहाच्या वेळी तरी.

दुसरं, वाटाड्यांनी या सापाला आंधळा म्हटलं. तो आंधळा नाही. डोळे बारीक आहेत आणि पारदर्शक खवल्याखाली झाकलेले आहेत, पण आहेत. आमच्या घरांच्या न्हाणीघरात पावसाळ्यात मोरीतून वर येतो तो वाळा साप, त्याचे डोळे म्हणजे कातडीखालचे दोन काळे ठिपके. बहुधा त्याच्याशी गल्लत झाली असावी. वाळा आणखी बारीक, शिवणाच्या जाड दोऱ्याहून थोडा मोठा, आणि तो खातो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. त्याच्यात नर सापडतच नाहीत, सगळ्या माद्या, आणि नराविना अंडी घालतात. कुंडीतल्या मातीतून प्रवास करत तो अर्ध्या जगात पोचला. खापरखवल्या याच्या अगदी उलट स्वभावाचा. हे कुळ दक्षिण भारताचे डोंगर आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही नाही. पन्नासहून जास्त जाती आणि त्यातल्या कितीतरी एकेका डोंगररांगेपुरत्याच. माती बदलली, मधे कोरडी दरी आली, की याचा प्रवास संपला. म्हणून कुणी प्रेमाने पिशवीत घालून "सुरक्षित जागी" दुसऱ्या घाटात नेऊन सोडायचा उद्योग करू नये.

त्याच फेरीत देवगांडूळही दिसलं, तेव्हा तिघांतला फरक सांगायची आयती संधी होती. देवगांडूळ साप नव्हेच, बेडकाच्या गोतातलं. अंग ओलं, बुळबुळीत, त्यावर वळ्या, वर खवले दिसत नाहीत. खापरखवल्याचं अंग कोरडं आणि चकचकीत. गटातले लोक दोघांनाही गांडूळच म्हणत घरी गेले.

शेतकऱ्यांबरोबर आयुष्य गेल्यामुळे मला आणखी एक गोष्ट सांगितली जायला हवी होती असं वाटतं. शेपटी तोंडासारखी दिसणारा साप म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोक्यात मांडूळ येतं, आणि मांडूळ म्हटलं की गुप्तधन. त्या खुळापायी मांडुळाची तस्करी चालते, वर्तमानपत्रात दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी अटक झालेली असते. मांडूळ हे कोरड्या मैदानी भागातलं, चांगलं हातभर लांब आणि जाडजूड जनावर, उंदीर खाणारं. ओल्या घाटातला हा वीतभर साप गांडुळांवर जगतो, अंडी न घालता थेट थोडीशी पिल्लं देतो, हातात धरला तरी चावत नाही, फार तर डोकं अंगाखाली लपवून ती खरखरीत शेपटी पुढे करतो. शत्रूने चावा घ्यायचाच तर ढालीला घ्यावा. अशा गरिबाच्या मागे कुणी गुप्तधनवाला लागू नये म्हणून तरी दोन शब्द बोलावेत.

उरलेली तक्रार गटाच्या आकाराची. अठरा माणसं म्हणजे रात्रफेरी नव्हे, वरात. मागच्या सहा-सात जणांना सापाऐवजी पुढच्यांचे रेनकोट दिसले. शनिवार होता, धबधब्याची गर्दी रात्रीही रस्त्यावर रेंगाळत होती. एका गाडीतून गाणी लावून पोरं गेली, ती आमचा माणूस वळणावर उभा होता म्हणून हळू झाली. परतताना त्याच रस्त्यावर दोन खापरखवले चिरडलेले दिसले. जोराच्या पावसात मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, आत हवा उरत नाही, गांडुळं वर येतात आणि हेही. डांबरावर त्यांना पळता येत नाही हे आम्ही नुकतंच बघितलं होतं. जंगलात रानडुकरं माती उकरून यांना खातात, पोवळा साप यांच्या बिळात शिरून खातो, त्यात काही वावगं नाही. हे वर येतात त्या दिवसांत आपल्या गाड्या त्यात भर घालतात.

आयोजकांना सांगणं एवढंच: गट दहाच्या आत ठेवा, त्यासाठी माणशी शंभर-दोनशे जास्त घेतलेत तरी मी देईन. त्या पडवीत एक फळा लावा, त्यावर वाळा, खापरखवल्या, मांडूळ आणि देवगांडूळ यांची चित्रं काढून ठेवा. आणि वाटाड्यांना बोलतं करा, त्यांना येतं सगळं.

जाणाऱ्यांसाठी: मधल्या वारी जा, शनिवार-रविवार टाळा. जूनच्या सुरुवातीपेक्षा पाऊस लागून दोन आठवडे झाल्यावर जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड मोजे, स्वतःचा टॉर्च. स्वतःची गाडी असेल तर रात्री सर येऊन गेल्यावर घाटमाथ्यावर वीसच्या वर नेऊ नका, आणि रस्त्यावर गांडूळ दिसलं तर ते गांडूळच आहे असं धरून चालू नका. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, आमच्या गटातली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी सगळ्यांत शांत होती. "साप दाखवणार ना नक्की?" असं फोनवर विचारणाऱ्यांनी मात्र हे पैसे दुसरीकडे खर्च करावेत. भजी उत्तम होती.